बरखास्त जहाजाचे हक्कदार

२००५ च्या सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ख्रिस्तोफर न्यूपोर्ट विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्ययन करणाऱ्या रँडल मन्रो नामक विशीतल्या विद्यार्थ्याने आपल्या वह्यांत साचलेली रेखाटने महाजालावर मांडावयास आरंभ केला, तेव्हा आपण एका दीर्घायुषी व्यंगचित्रमालिकेची मुहूर्तमेढ रोवीत आहोत अशी त्याची स्वतःचीही समजूत नसावी. त्या पहिल्या रेखाटनांत पिंपात बसून वाहत चाललेला एक मुलगा आहे, काही झाडे आहेत, एक बेट आहे, तांबडे कोळी आहेत. आणि या सर्वस्वी असंबद्ध मेळाव्यात नवव्या क्रमांकावर जे चित्र आहे त्याचे शीर्षक 'उद्या सेरेनिटी येत आहे' अशा अर्थाचे आहे. या शीर्षकात कोटी नाही की उपरोध नाही. ३० सप्टेंबर रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत लागणाऱ्या एका चित्रपटाची ती दवंडी आहे, आणि तीही त्या चित्रपटाच्या चालकांनी पिटविलेली नसून त्याची वाट पाहून थकलेल्या एका प्रेक्षकाने आपल्या आपणच पिटलेली आहे.

'एक्सकेसीडी' या नावाने पुढे जगभर ज्ञात झालेल्या या मालिकेत विज्ञानकथेच्या दूरचित्रवाणी मालिकांचे उल्लेख वारंवार येतात, हे तिच्या कोणाही वाचकास सांगावयास नको. परंतु हे उल्लेख तेथे का येतात, ते केव्हा साधतात आणि केव्हा नुसतेच नावांचे उच्चारण होऊन बसतात, याचा विचार सहसा कोणी केलेला दिसत नाही. माझ्या मते त्यांचे मर्म या नवव्या चित्राच्या शीर्षकातच आहे. मन्रोच्या चांगल्या चित्रांचा विषय ती ती मालिका हा नसतोच. तिच्यावर जीव लावून बसलेला, तिच्या बरखास्तीनंतरही तिच्यावर वहिवाटीचा हक्क सांगणारा प्रेक्षक हा त्यांचा विषय असतो.

ज्यांनी ही चित्रे पाहिलेली नाहीत त्यांच्याकरिता त्यांची थोडी कैफियत देणे अवश्य आहे. यातील माणसे काडीची असतात; एक वर्तुळ म्हणजे मस्तक आणि पाच रेघा म्हणजे उर्वरित देह. मुखावर डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. स्त्रीच्या मस्तकावर केस दिसतात, एका खोडकर आणि किंचित क्रूर पात्राच्या मस्तकावर काळी हॅट दिसते, आणि बाकीचे सारे बोडके. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस नवे चित्र प्रसिद्ध व्हावे हा शिरस्ता त्याने दीर्घकाळ पाळला असून चित्रांची संख्या आता तीन हजारांच्या पुढे गेली आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रावर माउस नेऊन क्षणभर स्थिर धरला असता एका लहानशा चौकटीत एक वाक्य प्रकट होते. चित्र संपल्यावर हळूच सोडून दिलेला हा शेरा पुष्कळदा मूळ विनोदाहून सरस असतो, आणि सराईत वाचक तो वाचल्यावाचून पुढे जात नाही. मन्रोने काही काळ नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रात यंत्रमानवांच्या कामावर नोकरी केली, २००६ मध्ये त्या कराराची मुदत संपली, आणि त्यानंतर चित्रांवर व ती छापलेल्या सदऱ्यांच्या विक्रीवर त्याने आपला चरितार्थ चालविला.

आता 'सेरेनिटी'च्या दवंडीमागील इतिहास. २० सप्टेंबर २००२ रोजी, शुक्रवारी, फॉक्स वाहिनीवर 'फायरफ्लाय' नावाची मालिका सुरू झाली. तिचा कर्ता जॉस व्हीडन. काळ आजपासून पाचशे वर्षांनंतरचा. मध्यवर्ती सत्तेविरुद्ध झालेल्या युद्धात पराभूत झालेल्या पक्षाचा एक सार्जंट, माल्कम रेनल्ड्स, 'सेरेनिटी' नावाचे एक जुनेपाने मालवाहू अंतराळयान घेऊन ग्रहाग्रहांवर काही कायदेशीर व पुष्कळसा बेकायदेशीर माल पोचवितो आणि पोट भरतो. पात्रांचा वेष अमेरिकी गुराख्यांचा आहे आणि शिव्या मात्र चिनी भाषेतल्या आहेत. यानावर आश्रयास आलेली रिव्हर टॅम ही सतरा वर्षांची मुलगी सरकारी प्रयोगशाळेत मेंदूवर झालेल्या अत्याचारांनी भ्रमिष्ट झालेली आहे, आणि प्रसंगी एकटीच्या बळावर शस्त्रधारी टोळीचा निःपात करण्याचे सामर्थ्यही तिच्या अंगी त्याच अत्याचारांतून आलेले आहे. ही भूमिका समर ग्लाउ या नर्तनाचे शिक्षण घेतलेल्या नटीने केली, आणि तिच्या हालचालींतील ते नर्तन मारामारीच्या प्रसंगीही लपत नाही.

वाहिनीच्या अधिकाऱ्यांना दोन तासांचा पहिला भाग संथ वाटला. त्यांनी तो बाजूस सारून आगगाडीवरील दरोड्याचा दुसराच भाग आधी दाखविला, पुढील भागांचा क्रम विस्कटला, आणि कोण कोणाचा कोण हे उमजण्यापूर्वीच प्रेक्षक पांगले. चौदा भाग तयार झाले होते, त्यांपैकी अकरा दाखविले गेले आणि डिसेंबरात मालिका बरखास्त झाली. ज्या भागात सर्व पात्रांची ओळख होते तो भाग वाहिनीने सर्वांत शेवटी, २० डिसेंबर रोजी दाखविला, म्हणजे बारसे तेराव्याच्या दिवशी उरकले. अमेरिकेत शुक्रवारची रात्र ही तरुण मंडळींनी घराबाहेर पडण्याची वेळ. त्या रात्री नेमलेली मालिका आधीच अर्धी मेलेली असते, हा तेथील व्यवसायातील जाणत्यांचा जुना अनुभव आहे.

यानंतर जे घडले त्यामुळे ही मालिका इतर शेकडो बरखास्त मालिकांपासून निराळी ठरली. प्रेक्षकांनी वर्गणी गोळा करून 'व्हरायटी' या चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकात जाहिरात दिली. मालिकेतील पराभूत सैनिक तपकिरी डगले घालतात, म्हणून प्रेक्षकांनी स्वतःस 'ब्राउनकोट' हे नाव घेतले. हरलेल्या पक्षाची वस्त्रे आपखुशीने अंगावर चढविणारी अशी प्रजा विरळा. तबकड्यांचा संच निघाला, तो खपला, आणि त्या खपाच्या बळावर युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेने व्हीडनला चित्रपट काढावयास सांगितले. तो 'सेरेनिटी'. त्यास सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर खर्च आला आणि जगभरच्या तिकीटविक्रीतून सुमारे चार कोटी डॉलर गोळा झाले. या हिशेबावर दुसरा चित्रपट निघणे शक्य नव्हते व तो निघाला नाही. मात्र २००७ च्या जूनमध्ये स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीराने मालिकेच्या आणि चित्रपटाच्या तबकड्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर नेल्या. कल्पनेतले यान जमिनीवर बुडाले आणि त्याची चित्रफीत खरोखरीच्या अंतराळात पोचली, हा योग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्यास ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

त्याच २००७ सालच्या सप्टेंबरात मन्रोचे ३११ क्रमांकाचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यात तो एक प्रस्ताव मांडतो. मारामारीच्या चित्रपटात मारामारी पाहावयास जावे तर मध्येच कथानक येते, प्रेमप्रकरण येते, नायकाच्या मनातील द्वंद्व येते. हे सर्व काढून टाकून आरंभापासून अंतापर्यंत केवळ मारामारीच असलेला चित्रपट कोणी का काढीत नाही? आणि असा चित्रपट काढावयाचाच तर त्यात रिव्हर टॅमने भेटेल त्यास बडवून काढावे, एवढाच त्याचा विषय असावा, आणि 'रिव्हर टॅम सर्वांना बडवते' एवढेच त्याचे नाव असावे.

या चित्राकडे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रस्तावाची भाषा एखाद्या नव्या योजनेचा मसुदा सादर करणाऱ्या कारकुनासारखी नेमस्त आणि तर्कशुद्ध आहे. विधान, त्याचे समर्थन, मग निष्कर्ष. पण त्या तर्काच्या तळाशी शुद्ध बालहट्ट आहे, आणि त्या हट्टाच्याही तळाशी एक सल आहे: ज्या पात्रास चौदा भाग आणि एक चित्रपट एवढेच आयुष्य लाभले त्यास अजून थोडे पाहावयास मिळावे, मग कथा नसली तरी चालेल. ज्यास 'फायरफ्लाय' ठाऊक नाही तो वाचक या चित्रातील मसुदेवजा भाषेस हसतो. ज्यास ती ठाऊक आहे तो हसता हसता किंचित ओशाळतो, कारण हा अर्ज त्याचाही आहे. एकच चित्र दोन थरांवर चालते, आणि वरच्या थरावरील वाचकास खाली काही चालले आहे याची वार्ताही लागत नाही. चांगल्या संदर्भाची ही कसोटी मानण्यास हरकत नसावी.

२००९ मध्ये मन्रोने 'शर्यत' नावाची पाच भागांची सलग चित्रमाला काढली आणि तीत रेनल्ड्सची भूमिका करणारा नेथन फिलियन व समर ग्लाउ यांनाच पात्रे म्हणून आणले. येथे त्याच्या चित्रशैलीची एक गंमत ध्यानात येते. चेहराच नसलेल्या काडीच्या माणसांत नेथन फिलियन ओळखावयाचा कसा? तो ओळखता येत नाही. तो आहे असे कोणीतरी बोलून दाखवावे लागते. १९६७ च्या डिसेंबरात 'मॅड' या अमेरिकी विनोदी नियतकालिकाने 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेचे विडंबन 'स्टार ब्लेक' या नावाने छापले, तेव्हा त्याचे सारे सामर्थ्य मॉर्ट ड्रकर याच्या कुंचल्यात होते. त्या मालिकेतील कर्णधाराच्या भुवईचा बाक आणि स्पॉक या पात्राच्या गालांचे खळगे त्याने असे टिपले की शब्द न वाचताही हसू यावे. विडंबनाची ती परंपरा सादृश्यावर उभी होती आणि म्हणून तिला पडद्यावरील माणसांवाचून गत्यंतर नव्हते. मन्रोने सादृश्याचा मार्ग स्वतःस बंद करून घेतला आहे. त्याच्या संदर्भांस शब्दांचा आणि वाचकाच्या स्मृतीचा आधार उरतो. चित्र कोरे, आणि चेहरा वाचकाने आपल्या आठवणीतून त्यावर चढवावयाचा. हे उणेपण म्हणून सुरू झाले असेल, पण प्रेक्षकाच्या मनात मालिका कशी जगते हे दाखवावयाचे असेल तर याहून अनुरूप साधन सापडणे कठीण आहे.

'स्टार ट्रेक'चे नाव निघाले आहे तर तिच्याकडे वळले पाहिजे, कारण प्रेक्षकांच्या या हक्कदारीचा पहिला मोठा दावा तिच्याच संबंधात दाखल झाला. एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली ही मालिका दुसऱ्या वर्षअखेर बंद होणार अशी वार्ता पसरताच बीजो ट्रिंबल व जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. एक लाखाहून अधिक पत्रे वाहिनीच्या दफ्तरात येऊन पडली, आणि कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने मालिका चालू राहील अशी घोषणा पडद्यावरूनच केली, ती बहुधा टपालाचा ओघ थांबावा म्हणूनही असेल. तिसऱ्या वर्षी मालिकेची नेमणूक शुक्रवारी रात्री दहा वाजता झाली, आणि १९६९ च्या जूनमध्ये एकुणऐंशी भागांनंतर ती संपली. पुढे स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रसारणाने तिचा उद्धार केला. आपल्याकडेही १९८० नंतरच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती पाहिल्याचे ज्यांना स्मरत असेल ते आता साठीच्या आगेमागे असतील. तिच्या पहिल्या चित्रपटात, १९७९ साली, मुंबईची पर्सिस खंबाटा मुंडन करून परग्रहवासिनीच्या भूमिकेत उभी राहिली होती, ही गोष्ट त्या काळच्या मराठी वृत्तपत्रवाचकांस तरी विसरावयास नको.

विनोद या प्रेक्षकवर्गास प्रारंभापासून अवगत होता. १९६७ साली 'स्पॉकनेलिया' हे 'स्टार ट्रेक'ला वाहिलेले पहिले हौशी नियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघाले, आणि १९७३ साली पॉला स्मिथ या लेखिकेने अशाच एका हौशी नियतकालिकात, यानावर येताच सर्वांची लाडकी होणाऱ्या, सर्व विद्यांत पारंगत व अखेरीस सर्वांना रडवून मरणाऱ्या पंधरा वर्षांच्या मेरी सू नामक अधिकारी मुलीची इतकी चपखल टवाळी केली की ते नाव पुढे साहित्यसमीक्षेत रूढ झाले. प्रेक्षक मालिकेस हसत नव्हते, ते आपल्या दिवास्वप्नांस हसत होते. मन्रोचे कूळ शोधावयाचे असेल तर ते मला 'मॅड'च्या ड्रकरपेक्षा या शाईने माखलेल्या हौशी पानांत अधिक सापडते.

या कुळाचे उत्तम उदाहरण म्हणजे ३० जानेवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झालेले ११६७ क्रमांकाचे चित्र. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' हा चित्रपट त्या वर्षीच्या मे महिन्यात यावयाचा होता, आणि विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत त्याविषयीच्या नोंदीवरून एक तंटा माजला होता. तंटा कथानकाचा नव्हे, नटांचाही नव्हे. शीर्षकातील 'इन्टू' या शब्दाचे आद्याक्षर इंग्रजीच्या मोठ्या लिपीत काढावे की लहान, एवढाच. एका पक्षाचे म्हणणे असे की ज्ञानकोशाच्या लेखननियमांनुसार पाचाहून कमी अक्षरांचे शब्दयोगी अव्यय लहान अक्षराने लिहावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की येथे उपशीर्षक सुरू होते, मध्ये अपूर्णविराम नाही म्हणून काय झाले, आणि शिवाय चित्रपटाचे चालक स्वतः ते मोठेच काढतात. दोन महिने जाबसाल चालले. चाळीस हजारांहून अधिक शब्द खर्ची पडले. तेवढ्या शब्दांत एक बेताची कादंबरी होते.

मन्रोने काय केले? त्याचे पात्र संगणकापुढे बसून ही सारी मोजदाद दुसऱ्यास सांगते, आणि सांगताना त्याच्या स्वरात तिरस्कार नाही, विस्मय आहे. इतक्या क्षुद्र गोष्टीवर इतकी निष्ठा ओतणाऱ्या माणसांविषयी वाटणारा, जवळजवळ आदराचा विस्मय. मग तेथे एक नवा योद्धा अवतरतो आणि तोडगा काढतो: शीर्षकातील एक अक्षर मोठे, पुढचे लहान, पुन्हा एक मोठे, अशी सगळी अक्षरे आळीपाळीने लिहून दोन्ही बाजूंस नागमोडी रेघांची आणि तारकांची महिरप काढून देतो. शाळकरी मुली वहीवर नाव सजवतात तसे ते दिसते. न्यायाच्या दृष्टीने निवाडा निर्दोष आहे, कारण दोन्ही पक्षांस निम्मी-निम्मी अक्षरे मिळाली. माउस स्थिर धरल्यावर येणाऱ्या शेऱ्यात कळते ते असे की, हा निवाडा होताच लहान अक्षरापासून आरंभ करून आळीपाळी राखावी असे म्हणणारा नवा पक्ष लगेच निर्माण झाला. ज्यांनी आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे पाहिले आहेत त्यांना या शेऱ्याची सत्यता पटविण्याची गरज नाही. चित्र प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच अवधीत विकिपीडियावरील मोठ्या अक्षराचा पक्ष जिंकला, आणि तो तंटाच आता त्या ज्ञानकोशाच्या इतिहासातील प्रसिद्ध प्रकरणांत गणला जातो.

एक आनुषंगिक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. ज्या चित्रपटाच्या एका अक्षरावर एवढे रण माजले त्यातील खलपुरुष 'खान नूनियन सिंग' हा मूळ मालिकेच्या १९६७ सालच्या 'स्पेस सीड' या भागात उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा सांगितला आहे. ती भूमिका तेव्हा मेक्सिकन नट रिकार्डो मोंताल्बान याने केली आणि २०१३ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्यापान इंग्रज नटाने. त्या जुन्या भागाच्या मते हा खान १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागाचा अनियंत्रित सत्ताधीश होता. त्या वर्षांत आपण सारे चांगले जागे होतो. असा कोणी सम्राट येऊन आपल्याकडून सारा वसूल करून गेल्याचे आठवत नाही. भविष्यकथेचे भविष्य उलटून गेले म्हणजे तिचे काय होते, यावर मन्रोने २०१५ मध्ये 'भूत आणि भविष्य यांच्या कथा' अशा अर्थाचा एक विस्तीर्ण आलेख काढला. कथा केव्हा लिहिली आणि ती कोणत्या काळात घडते हे दोन अक्षांवर मांडून, कोणत्या भविष्यकथा आता कालबाह्य झाल्या आणि कोणत्या घडणे अद्याप शक्य आहे, याचा त्याने झाडाच मांडला. विनोद म्हणून तो आलेख कोरडा आहे. पण माहितीच्या वेडाने पछाडलेल्या प्रेक्षकाचे चित्र म्हणून, तो प्रेक्षक चित्रात कोठेही दिसत नसतानाही, तो अस्सल आहे.

एवढे सर्व परक्यास दुर्बोध होणार नाही काय, हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर 'स्टार ट्रेक'च्याच उत्तरकालीन मालिकेत, 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये, १९९१ च्या सप्टेंबरात दाखविलेल्या 'दारमोक' नावाच्या भागात सापडते. टमारियन नावाची एक परग्रहवासी जमात केवळ आपल्या पुराणातील प्रसंगांचे दाखले देऊन बोलते. अपयश सांगावयाचे तर ती कोणा शाकाच्या तटाची पडझड आठवते. सहकार्य सांगावयाचे तर दारमोक आणि जलाद हे दोन वीर एका बेटावर एकत्र लढल्याची आठवण काढते. पृथ्वीवासीयांच्या यंत्राने शब्दांचा तर्जुमा बिनचूक होतो आणि अर्थ मात्र लागत नाही, कारण ज्या कथांकडे शब्द बोट दाखवितात त्या कथा ऐकणाऱ्यास ठाऊक नाहीत. टमारियन कर्णधार मग पिकार्ड या पृथ्वीच्या कर्णधारास एका निर्जन ग्रहावर नेतो, त्याच्या हाती खंजीर देतो, आणि एका श्वापदाशी दोघांनी मिळून लढण्याचा प्रसंग ओढवून आणतो. म्हणजे कथा सांगता येत नाही तर ती जगूनच दाखवावी. त्या प्रयत्नात तो प्राणास मुकतो, आणि तो मरत असताना पिकार्ड त्यास गिलगमेशाची गोष्ट सांगतो.

मन्रोच्या एका चित्राचे नावच 'दारमोक आणि जलाद' असे आहे, आणि ते असावे यात नवल नाही; त्याचा सगळा वाचकवर्ग थोड्याफार प्रमाणात टमारियनच आहे. आपणही त्यांच्याहून फार दूरचे नाही. 'त्याने ध चा मा केला', 'निवडणुकीत पानिपत झाले', 'त्याला पाण्यात संताजी-धनाजी दिसू लागले' ही वाक्ये ज्याने मराठ्यांची बखर ऐकलेली नाही त्याच्या पुढे ठेवा; शब्दकोश उघडून तो बसला तरी ध आणि मा यांमध्ये एका पेशव्याचा खून आहे हे त्यास उमगणार नाही. दाखल्यांनी बोलणारा समाज दाखल्यांतूनच आपली माणसे ओळखतो. मन्रोच्या चित्रांनाही हौशी वाचकांनी मिळून चालविलेले एक सविस्तर भाष्य लाभले आहे, ज्यात प्रत्येक चित्रातील प्रत्येक उल्लेखाचा उलगडा दिलेला असतो. कालिदासास मल्लिनाथ मिळावयास कित्येक शतके लागली, काडीच्या माणसांना तो काही तासांत मिळतो.

तरीही या प्रकारात निकृष्ट माल पुष्कळ आहे, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाजालावरील विनोदी चित्रमालिकांत तांबडा सदरा घातलेला दुय्यम अधिकारी परग्रहावर उतरताच मरतो, हा 'स्टार ट्रेक'वरून घेतलेला विनोद किती वेळा येतो याला गणती नाही. पहिल्यांदा तो निरीक्षण होते. मालिकेच्या कथालेखनातील एक खोड कोणीतरी अचूक हेरली होती. पुढे ते निरीक्षण उरले नाही, संकेत उरला. वाचकाने 'हे मला ठाऊक आहे' एवढे मनाशी म्हणावे, चित्रकाराने 'मलाही' म्हणावे, आणि दोघांनी एकमेकांची पाठ थोपटून निघून जावे. मन्रोही या दोषातून सर्वस्वी मुक्त नाही. 'शर्यत' ही पाच भागांची चित्रमाला मला लाडावलेली वाटते; तीत आवडत्या नटांना आपल्या अंगणात बोलाविल्याचा आनंद आहे, पण त्या आनंदाकडे तिरप्या डोळ्याने पाहणारा मन्रो तेथे हजर नाही. ३११ क्रमांकाच्या चित्रात तो हजर आहे, ११६७ मध्येही आहे. स्वतःच्या वेडाचा तोच साक्षीदार असतो तेव्हा तो सर्वांत चांगला असतो.

अशा साक्षीदारांपैकी काही पुढे अधिकृत वतनदार झाले, ही या कथेतील अलीकडची घडामोड. २०११ च्या सुमारास माइक मॅकमॅहन नावाचा लेखक ट्विटरवर 'द नेक्स्ट जनरेशन'च्या कधीही न निघालेल्या आठव्या वर्षातील भागांची कपोलकल्पित कथानके एकेका वाक्यात लिहून टाकीत असे; मालिका सातव्या वर्षी, १९९४ मध्येच, संपली होती. त्या थट्टेचे पुस्तक निघाले, आणि काही वर्षांनी त्याच लेखकाकडे 'स्टार ट्रेक : लोअर डेक्स' ही विनोदी सचेतपट मालिका निर्माण करण्याचे काम आले. ती २०२० पासून २०२४ पर्यंत पाच वर्षे चालली. यानाच्या खालच्या मजल्यावर राबणारे कनिष्ठ अधिकारी हे तिचे नायक, आणि ते आपल्या विश्वातील जुन्या पराक्रमांविषयी जवळजवळ प्रेक्षकांसारखेच बोलतात. म्हणजे एकेकाळी पडद्याबाहेरून येणारा संदर्भ आता पडद्याच्या आतल्या पात्रांच्या तोंडी आला.

या मालिकेवर आधारलेले एक चित्रपुस्तक २०२४ मध्ये निघाले, 'वॉर्प युअर ओन वे'. त्यात मॅरिनर या कनिष्ठ अधिकारिणीने पुढे काय करावे हे वाचकाने ठरवावयाचे असते आणि निवडीप्रमाणे पान उलटावयाचे असते. त्याचा लेखक रायन नॉर्थ हा कॅनडातला, आणि त्याची मूळ ख्याती 'डायनासोर कॉमिक्स' या २००३ मध्ये सुरू झालेल्या महाजालावरील मालिकेची. तीत तीच ती सहा चित्रे प्रत्येक वेळी वापरून केवळ संवाद बदलले जातात. ज्याने चित्र न बदलता दोन दशके वाचक टिकविले त्याच्या हाती 'स्टार ट्रेक'ची सनद पडावी, हे मला मन्रोच्या काडीच्या माणसांइतकेच अर्थपूर्ण वाटते. क्रिस फेनोग्लिओ याने चितारलेल्या या पुस्तकास २०२५ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळाले. त्याच विभागातील तेच पारितोषिक २०१४ मध्ये मन्रोस 'काळ' या चित्राबद्दल मिळाले होते. २०१३ च्या २५ मार्चपासून पुढे चार महिने ते चित्र थोड्या थोड्या अवधीने आपोआप बदलत राहिले आणि त्याच्या एकूण ३०९९ चौकटी झाल्या.

ह्यूगो पारितोषिक प्रकाशक देत नाहीत, वाहिन्याही देत नाहीत. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे वर्गणीदार सभासद, म्हणजे वाचक आणि प्रेक्षकच, मते देऊन ते ठरवितात. ट्रिंबल दांपत्याने ज्यांना पत्रे लिहावयास लावले तो हाच समाज. १९६६ साली हे संमेलन क्लीव्हलंड येथे भरले असता 'स्टार ट्रेक'चा कर्ता जीन रॉडनबेरी आपल्या नव्या मालिकेचे आरंभीचे भाग बरोबर घेऊन तेथे गेला होता, आणि वाहिनीवर 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग दिसण्यापूर्वी काही दिवस त्याने ते या मंडळींना दाखवून त्यांचा अभिप्राय अजमावला होता.